व्हर्ननचं बेट आणि एकशे ऐंशी दिवस

हां, तर इरा, मी सांगते तसं लिही पुढे. समोरच्या फ्लॅटमधली एडना. वसईची पोर. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात पत्र्याचे डबे करणाऱ्या फॅक्टरीच्या ऑफिसात असते. नवरा व्हर्नन, कुक. इथली हॉटेलातली नोकरी गेली तसा मालदीवला एका रिसॉर्टवर लागला. तो देश म्हणजे नुसती बेटं गं, मधे सगळं पाणी! त्याच्या बेटावरून राजधानी मालेला यायचं तर एक तर पाण्यावर उतरणारं इवलंसं विमान, नाहीतर फेरीबोट. मग तिथून दुबईचं मोठं विमान.

व्हर्ननचा इथला व्हिसा एडनाच्या नावावर. देशाबाहेर गेलेल्या माणसाने मुदतीच्या आत परत इथे पाऊल टाकायचं, नाहीतर व्हिसा खलास. एडनाने चर्चच्या कॅलेंडरवर मुदतीचे सहा महिने मोजले. पाच मार्चला गेला, म्हणजे पाच सप्टेंबर. तिकीट काढलं चारचं, एक दिवस हाताशी ठेवून. हुशार ना? मग बुधवारी लेकीच्या, ॲमंडाच्या, कागदांसाठी टायपिंग सेंटरला, म्हणजे व्हिसाचे अर्ज भरून देतात तिथे गेली, तर तारखा ऐकून तिथला ओवेस सहज बोलून गेला, "सिस्टर, छे महिना नहीं, एक सौ अस्सी दिन गिनते हैं. इकतीस वाले महीने कितने आए, देखो. आपका तो शुक्रवार को खतम."

एडनाने तिथूनच व्हर्ननला फोन लावला. "व्हर्नन, आत्ताच्या आत्ता निघ."

"आत्ता? इथे दारात रिक्षा उभी असते काय गं?"

"मस्करी नको. परवा संपतोय व्हिसा."

तो मग म्हणाला, "माझंच चुकलं, मी मोजायला हवे होते." मोजले होते तिने. पण ते न सांगता तिने तिकीट शोधायला घेतलं.

गुरुवारचं तिकीट काढलं, तर गुरुवारी समुद्र खवळला. विमान उडेना, फेरी सुटेना. तिकीट गेलं पाण्यात. शुक्रवारी ऊन पडलं, पण शुक्रवारी त्यांची फेरी नसतेच, सुट्टीचा वार. राहिलं इवलं विमान. त्यात आधी पाहुणे, सीट उरली तर स्टाफ, अशी तिथली रीत. आणि आदल्या दिवशीचे सगळे अडकलेले पाहुणे बॅगा घेऊन धक्क्यावर उभे.

एडना रजा टाकून आमच्याकडे येऊन बसली. "काकी, पहिलं गेलं." मग, "काकी, दुसरंही गेलं." चहावर साय धरली. व्हर्ननने एका गोऱ्या म्हाताऱ्याला हात जोडले, तर तो म्हणाला, माझंही पुढचं विमान आहे ना. त्याचं तरी काय चुकलं?

ॲमंडा विचारत होती, "मम्मी, जस्ट टेल मी. इज डॅडी कमिंग ऑर नॉट?"

"इन्शाल्ला, बाळा."

"दॅट मीन्स नो," पोर म्हणाली.

अंधार पडला की ती विमानं उडत नाहीत. शेवटच्या विमानात एक सीट उरली होती. व्हर्नन बॅग उचलून पुढे झाला, तेवढ्यात एक पाहुणी धावत आली. सीट तिला गेली. त्याने फोन केला, "एड, मी बॅग ठेवून येतो. किचनमध्ये माणसं कमी आहेत, बोलावतायत." आणि गेला बिचारा कांदे चिरायला.

परत येऊ द्या म्हणून अर्ज केलाय. कारण विचारलं होतं, तर एडनाने 'वारा' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? तीन आठवडे झाले, उत्तर नाही. फोनवर ती त्याला म्हणते, होईल रे, चाललंय काम. पण इकडे वसईच्या शाळेत ॲमंडासाठी सीट आहे का, विचारून ठेवलंय तिने. त्याला पत्ता नाही. मला म्हणाली, काकी, तुम्ही फोन करून सांगायचं नाही. नाही करणार, शब्द दिलाय. पण निरोप धाडायचा नाही, असं काही ती बोलली नाही. तेव्हा हे वाचणाऱ्या बाबांनो, तुमच्यातलं कोणी त्या बेटांकडे जाणार असेल, तर व्हर्ननला गाठा आणि सांगा, बायको सामान बांधायच्या विचारात आहे, तिला खरं काय ते विचार.