अजीज पेंटरची पिवळी अक्षरं

लातुरात आमच्या गल्लीतल्या अजीज पेंटरला ओळखत न्हाई असा माणूस सापडायचा न्हाई. ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा रेणापुराकडच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ लिहिलं ते यानंच. चार महिने नुसतं तेच! पाटी घासायची, अस्तर द्यायचं, दोरीनं रेघ मारायची, मग अक्षर. झालं की रस्ता ओलांडून, डोळे बारीक करून बघायचं. पटलं तरच कोपऱ्यात ‘अजीज’ टाकायचं. नाव टाकलं की जबाबदारी आपली, हा त्याचा कायदा.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. गल्लीत टँकर कधी येणार, ते मात्र अजीजच्या भिंतीवरच कळायचं. मोबाइलवर महापालिकेची टँकरची यादी यायची, ती वाचून तो तारीख रंगवायचा. अन् तिथंच घात झाला. डोळ्याचा पडदा खराब झालाय, चष्म्यानं भागणार न्हाई, असं डॉक्टरनं सांगितलेलं. या गड्यानं ते कुणाजवळ बोलूनच दाखवलं न्हाई! यादीत पंधरा तारीख होती, यानं बारा रंगवली. टँकर येणार म्हणून बायांनी उरलंसुरलं पाणी आदल्या दिवशीच धुण्याला काढलं. बाराला घागरी घेऊन गल्ली दिवसभर उन्हात उभी. टँकर कुठला यायला!

कुणी त्याला दोष दिला न्हाई. उलट शेजारच्या उमाबाईंनी आपल्यातली अर्धी घागर त्याच्या घरी पोचवली. ते त्याला फार लागलं. चुन्याचा बोळा घेऊन त्यानं भिंतीवरचं आपलं नाव पुसलं अन् ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकून दिले.

त्याची लेक जोहरा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. सुट्टीला आली, तर बाप म्हणतो, “यादी तूच वाच.” तिला कळायचं ते कळलं. लिहायचा-वाचायचा एक साधा एडिटर तिनं लॅपटॉपवर बनवायला घेतला. पहिल्या दिवशी अक्षरं हातभर मोठी करून दाखवली.

“दिसतं का, अब्बा?”

“मोठा डाग दिसायलाय,” अजीज म्हणाला. मग एकदम चिडला, “मोठं केलं म्हणजे वाचता येतं व्हय? धावत्या बसमधून पाटी कशी वाचतात? आधी मागचा रंग काळा कर. अक्षर पिवळं. दोन अक्षरांत श्वास घ्यायला जागा ठेव. वरची रेघ बारीक, काना जाड. तारीख सगळ्यात वेगळी, लाल न्हाई, लाल मला आता काळ्यात बुडतं. पांढरी कर.”

जोहरा एकेक गोष्ट टिपत गेली. तीन दिवस बापलेकीचं हेच. हा रंग विझतो, ती ओळ खाली ओढ, हे अक्षर दाटलं. उस्ताद खुर्चीत अन् लेक हुकमाची ताबेदार!

चौथ्या दिवशी तिनं सगळ्या गल्ल्यांची यादी उघडली. मुंग्यांसारखी अक्षरं, अजीजला नुसतं धुकं. “आता बघा,” म्हणत तिनं एक बटण दाबलं. अवो, एका क्षणात पानच्या पान काळं झालं, अन् त्यावर पिवळ्याधमक ओळी! सगळ्या गल्ल्या, सगळे वार, एकदम!

“या अल्ला!” अजीज उठूनच उभा राहिला. “सगळं बदललं? एका दाबात?”

“एक रंग बदलला तरी सगळीकडं बदलतो, अब्बा.”

“मला चार महिने लागले होते गं, चार महिने!” तो हसत होता अन् डोळ्यांतून पाणी येत होतं. सवयीनं तो मागं सरला, पार उंबऱ्यापर्यंत. डोळे बारीक केले अन् तिथून वाचलं, “आपली गल्ली. मंगळवार. चोवीस तारीख.”

मग पुढं येऊन वाकला, तर बटणाशेजारी नजर गेली. या तऱ्हेच्या अक्षरांना काय नाव दिलंय, ते तिथं तसल्याच ठसठशीत पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यानं एकेक अक्षर जोडलं. अजीज.

“बरोबर वाचलं ना मी?” त्यानं लेकीला विचारलं. तिनं मान हलवली.

रॉकेलच्या डब्यातून ब्रश निघाला. भिंतीवर चोवीस तारीख चढली. रस्ता ओलांडून त्यानं ती पाहिली, परत आला, अन् कोपऱ्यात आपलं नाव टाकलं.