गजराबाईची भाची डोक्यात काय बघते

अक्कलकुव्याच्या जीप थांब्यावर गजराबाईचा चहा प्यायल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा काही सरकारी नियम नाही. पण तो मोडलेला कुणी पाहिलेलाही नाही. मोलगीचा निरोप खापरला, खापरच्या सुनेचं औषध डोंगरातल्या तिच्या माहेरी, विसरलेली छत्री धन्याकडे, सगळं तिच्या बाकावरून जातं. चहा मात्र यथातथाच.

अशा सर्वज्ञ बाईला एकच गोष्ट कळली नव्हती. पुण्याला शिकणारी भाची रुचिका नेमकं करते काय? ती फोनवर म्हणाली होती, "मेंदूवर संशोधन." गजराबाईने ते पुढे पाठवताना सुटसुटीत केलं: डोक्याची डॉक्टर. शुक्रवारी येणार, हेही कळवून टाकलं.

शुक्रवारी रुचिका बॅग घेऊन उतरली तेव्हा बाकावर सात डोकी वाट बघत होती. मोलगीच्या उदेसिंगने तर कपाळाला फडकं बांधून जय्यत तयारी केली होती.

"फुई, हे कोण?"

"तुन्हा पेशंट."

रुचिकाने आत्याला स्टोव्हमागे ओढलं. "अगं, मी औषध देत नाही. मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी बोलतो, ते मशीनमधून बघते."

"नुसतं बघस?" गजराबाईचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांत तिच्याकडून गेलेली बातमी खोटी ठरली नव्हती. आज ती एकदम सात गावांत ठरणार होती. "मंग ह्या लोकेस्ले काय सांगू मी?"

रुचिकाने फळीवर ग्लास मांडले. "हे पाडे समज. बरेचसे शेजारपाजारीच बोलतात. पण मेंदूत काही मोजकी ठिकाणं अशी असतात, की तिथे सगळीकडचे रस्ते येतात. वर ती ठिकाणं एकमेकांशीही घट्ट जोडलेली. लांबचा निरोप बहुधा त्यांच्यातूनच जातो. सगळी घडी त्यांच्यावर बसते."

"आन ते ठिकाण बंद पडनं तं?"

"तेवढ्याने लांबलांबचे पाडे एकमेकांपासून तुटतात. एवढं काम, म्हणून तर त्या ठिकाणांना खायलाही जास्त लागतं."

गजराबाईने स्वतःच्या घेराकडे समाधानाने पाहिलं. "हाई तं मालेबी येस," म्हणाली आणि पदर खोचून बाकासमोर उभी राहिली.

उदेसिंगचं डोकं कधी दुखतं? जीपवरची पाटी वाचताना. लगेच खापरच्या चष्मेवाल्या अमृतला फोन गेला. रमिलाबाईला चक्कर येते म्हटल्यावर दवाखान्यातल्या कामिनी सिस्टरला दुसरा. सिस्टरने आणि अमृतने आपसात तिसरा केला. खापरला निघालेल्या ड्रायव्हर बाज्याच्या जीपमध्ये चौघं बसली, दोघं दवाखान्याकडे चालत गेली. सातव्याला नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं, त्याला चहा दिला. अर्ध्या तासात बाक रिकामा. रुचिका ग्लास हातात धरून बघतच राहिली.

दुपारी उदेसिंग नवा चष्मा लावून उतरला. फडकं गेलं होतं. त्याने चहाचा ग्लास उजेडात धरला. "बाई, एवढंच दूध टाकते होय तू? आजच दिसलं." मग रुचिकाकडे वळून म्हणाला, "ही पोरगी डॉक्टर नाही म्हणे. मग करते काय?"

गजराबाईने ही बातमी जपून, एकही शब्द न सांडता, त्याच्या हाती दिली. "डोकामा मन्हासारखी बाई कोठे कोठे बसेल शे, ते शोधी ऱ्हायनी."

जीपचं दार लावता लावता बाज्याने विचारलं, "ती डोक्यातली बाई तरी चहा चांगला करस का?"

हसू लपवायला रुचिकाने घाईने ग्लास तोंडाला लावला.