दाजी आणि माडीवरची ग्रामसभा

रागावण्याचा हक्क श्वासाइतकाच जपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. लहानपणी पोलिओनं पाय गेलेले. हातांत रबरी चपला घालून ते असे चालत की समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानंच बाजू द्यावी. महाळुंगे पडवळ हे आपलं गाव सोडून ते आमच्या गावात राहायला आले आणि एसटी स्टँडजवळ त्यांनी भोंगे-माईक दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्त केलेल्या भोंग्याची चाचणी ते गिऱ्हाइकालाच चार शिव्या हासडून घेत. "ऐकू आलं न्हवं, पावणं? मंग भोंगा खणखणीत हाय!" बेल्ह्याच्या बाजारापर्यंत त्यांची ख्याती होती.

नव्वद सालच्या सुमारास ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. खाली गोदाम, माडीवर सभागृह. मी तेव्हा सदस्य होतो. त्या नकाशाला हात वर करताना मला दाजी आठवलेसुद्धा नाहीत. मागाहून आठवले तेव्हा म्हणालो, "दाजी, मी उचलून नेतो की वर."

"आन् मधीच राग आला तर? सभेतून तरातरा निघून जायचं म्हनलं, तर तुमाला सांगू व्हय, पावणं, लई राग आलाय, जरा खाली न्या?"

"बरं, मग तुमचं म्हणणं मी मांडतो."

ते मी कधीच मांडलं नाही. सरपंचांच्या नजरेत वाईट ठरायची मला भीती वाटे. वर गप्प बसायचो आणि खाली येऊन सांगायचो, "मांडलं हो, पण बहुमत नव्हतं." पुढे शिपायाकडून त्यांना खरं कळलं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या सभेला मात्र जिन्याच्या तोंडाशी भोंगा लावून बसले.

"सभेला इचारतो, ही सभा गावाची हाय का गुडघ्यांची?"

सरपंच खिडकीतून ओरडले, "दाजी, बंद करा ते!"

"खाली येऊन बंद करा!"

दर सभेला हेच. हळूहळू गुडघेदुखीवाली म्हातारी माणसं खालीच जमू लागली. पुरुषांच्या गर्दीतून वर न जाणाऱ्या बायाही आल्या, आणि दाजी प्रत्येकीच्या तोंडापुढे माईक धरू लागले. शेवटी वर नुसतं टेबल उरलं. सरपंचांनी सभा शाळेच्या पटांगणात आणली.

तिथे दाजींनी पहिलीच सूचना मांडली: जत्रेतला कुस्त्यांचा आखाडा आपल्या दुकानासमोर घ्यावा. सगळ्या गावाचे हात विरोधात गेले. माझाही.

"पावणं, तुमीबी?"

"हो. एसटीचा रस्ता अडेल, दाजी."

तासभर भांडले. मग घरी येताना एकटेच हसत म्हणाले, "हरलो राव! पर आज कुणी हरवलं, ते डोळ्यांनी बघितलं."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माडीवरच्या त्या सभांबद्दल त्यांनी मला शेवटपर्यंत विचारलं नाही. रागावण्यात एवढा पटाईत माणूस. माझ्यावर एकदा तरी रागवायला हवा होता.