बहमनात फ्रेंच क्रांती

आळंदच्या हायस्कुलातले गुरुशांतप्पा मास्तर इतिहास असा सांगायचे की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जांभई गिळायची. पण माणूस म्हणाल तर संशयाचा पुतळा! रस्त्यात दोघं बोलत उभे दिसले की आपलीच चर्चा; कुणी 'जेवलाव का' विचारलं, तर ह्याला कामून पायजे? उगाच कशाला बोल लावा म्हणा, त्याला कारणही होतं. रझाकारांच्या दिवसांत शेजाऱ्यानंच चुगली केली आणि थोरल्या भावाला, गुरप्पाला, उचलून नेलं. तो परत आला नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पिणार की.

पन्नास सालच्या उन्हाळ्यात सोलापूरकडून आलेल्या नव्या हेडमास्तरांनी त्यांच्यावर मोठं काम टाकलं. मॅट्रिकच्या हुशार पोरांना वर्षभर साऱ्या जगाचा इतिहास शिकवायचा, नेहमीच्या पुस्तकाच्या वरचा. त्याचा महिनावार आराखडा करायचा. इन्स्पेक्टरला पटला तर मास्तरांची नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. मास्तर हरखले. आजवर निजामाची वंशावळ घोकवून जीभ झिजली होती! भल्यामोठ्या पुठ्ठ्यावर त्यांनी जग मांडलं: अमरदादात मिसरचे पिरॅमिड, शहरेवारात ग्रीस, मेहरात रोम, बहमनात फ्रेंच क्रांती, इस्फंदारात रशिया. निजामाचं राज्य गेलं, पण त्याच्या फसली सालाचे महिने मास्तरांच्या डोक्यातून गेले नव्हते. सारा जन्म त्याच महिन्यांत मोजलेला. हातानं तेच लिहिलं, आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांना दिसलंही नाही.

गणिताचे अंबाजी मास्तर मात्र त्या पुठ्ठ्याभोवती घिरट्या घालायला लागले.

"अण्णा, रशिया कधी घ्यायलाव?" त्यांनी एकदा विचारलं.

"कामून?"

"काय न्हाई, आपलं सहज."

सहज? तेलंगणात कम्युनिस्टांची धरपकड चाललेली, आणि ह्याला रशिया सहज आठवतो? त्याच आठवड्यात अंबाजी तो पुठ्ठा काखेत मारून हेडमास्तरांच्या खोलीत शिरले आणि आतून दार लोटलं गेलं. झालं! गुरप्पाच्या वेळीही असंच दार लोटून चुगली झाली असणार. आता आपण गप बसलो तर आपली पाळी.

घरी येऊन मास्तरांनी वरच्या कचेरीला निनावी अर्ज खरडला. अंबाजी मास्तर कम्युनिस्ट आहेत, क्रांतीची चौकशी करत फिरतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला.

पुढं इन्स्पेक्टर आले, आराखडा पाहून खूश झाले आणि नोकरी कायम झाली. मास्तर पेढे घेऊन हेडमास्तरांकडे गेले.

"पहिला पेढा अंबाजींना द्या," हेडमास्तर म्हणाले. "तुमचे ते महिने वाचून मला वाटलं, हा निजामाचाच माणूस. वर कळवणार होतो मी. अंबाजी आपणहून आले, प्रत्येक महिन्यापुढं जून, जुलै असं लिहून दिलं. रशिया परीक्षेआधी संपतो की नाही, तेही ताडून पाहिलं. म्हणाले, आमच्या अण्णांची जुनी सवय आहे, मनात काही नाही." मग त्यांनी टेबलावरचा कागद पुढं सरकवला. "आणि नशीब बघा. कुणा नीचानं अंबाजींवरच निनावी अर्ज केलाय. बदली झाली त्यांची, पार औरादकडं. आजच्या मोटारीनं निघालेत."

पेढा मास्तरांच्या हातातच राहिला. तसेच ते मोटार स्टँडकडे पळाले. सांगून टाकायचं, पाय धरायचे, काय व्हायचं ते होऊ दे! पण अंबाजींनीच त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"जपून ऱ्हावा, अण्णा. कुणीतरी आपल्यातलाच हाय. तुमचं तर क्रांत्या शिकवायचं काम. उद्या तुमच्यावर बी अर्ज करतील."

"व्हय," मास्तर म्हणाले. मोटार निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, विभूती लावून मास्तर पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग सोडलं. रोज ते डाव्या तळहातावर ठेवून पूजा करायची. काल सकाळपर्यंत बिनघोर केली होती. बायको महानंदा बेलाचं पान घेऊन उभी होती.

"डावा हात पुढं करा की. कामून थांबलाव?"

मास्तरांनी तळहात उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली. डोळ्यांतलं पाणी छातीवरच्या विभूतीवर ओघळत होतं.

"ह्या हातावर देव कसा ठेवू, महानंदा?"