ओळीतला माठ आणि फोकलेला माठ

अलॉटमेंट म्हणजे काय, हे पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगताना मी एक ठरलेले वाक्य वापरते: कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, आपल्या जमिनीचे छोटे तुकडे पाडून ते नाममात्र भाड्याने भाजी पिकवायला देते, आणि मग भाजी पिकवणारे लोक एकमेकांच्या तुकड्यांवर नजर ठेवतात. वाक्याचा दुसरा भाग मी पूर्वी गमतीने जोडत असे. आता तो गमतीने जोडत नाही.

आमची अलॉटमेंट लंडनच्या वायव्य टोकाला, पिनरला आहे. तिचा कारभार सभासदांनीच निवडलेली एक समिती पाहते. गेल्या जुलैत या समितीने माझ्या शेजारच्या प्लॉटमध्ये एक लाकडी खुंटी ठोकली आणि तिला नोटीस अडकवली. नोटिशीचा मजकूर सरळ होता. प्लॉट तणाने भरला आहे, चार आठवड्यांत साफ करावा, अन्यथा तो काढून घेऊन प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला दिला जाईल.

तो प्लॉट ज्यांचा, त्या बाई जमैकन आईवडिलांच्या पोटी लंडनमधल्याच विल्सडनला जन्मलेल्या. ड्रायव्हिंग शिकवणे हा त्यांचा व्यवसाय. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला ‘ब्रेक’ म्हणायची सवय त्यांच्या बोलण्यात पुरती मुरलेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत. फ्लॅटला साधी बाल्कनीही नव्हती. अनेक वर्षे यादीत थांबून मिळालेला हा प्लॉट एवढीच त्यांची जमीन होती. एकदा काढून घेतला, की समितीच्या नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. माझे तसे नव्हते. माझ्या घरामागे बाग आहे, आणि प्लॉट गेला असता तर मी चार दिवस हळहळले असते, इतकेच.

आता ‘तणा’विषयी. मी अगोदर पुण्यात आणि नंतर हॅरोच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे हा भाग मला नीट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या प्लॉटमध्ये वाढलेली पालेभाजी जमैकात कॅललू म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तिला माठ म्हणतात. दोन्ही एकाच कुळातल्या, आणि हिरवा माठ कॅललूशेजारी ठेवला तर मलाही दोन्ही वेगळे ओळखता येणार नाहीत. याच कुळातली एक रानटी वनस्पती इंग्लंडच्या शेतांत तण म्हणून उगवते. तेव्हा माळीकाम करणाऱ्या गोऱ्या माणसाने लांबून पाहून फसावे, हे समजण्यासारखे होते. न समजण्यासारखी गोष्ट एवढीच, की त्या प्लॉटला लागून असलेल्या माझ्या प्लॉटमध्ये तोच हिरवा माठ गुडघ्याएवढा वाढला होता, आणि माझ्याकडे खुंटी नव्हती.

हे शेजारीणबाईंनीच मला दाखवून दिले. मी नळावर झारी भरत होते. त्या कमरेवर हात ठेवून माझ्या वाफ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

“टीचर, हे काय लावलंय तुम्ही?”

“माठ. आमची पालेभाजी.”

“आणि माझ्याकडे काय आहे?”

“तेच,” मी म्हणाले.

“तेच ना? मग तुमची खुंटी कुठाय?”

मी काही बोलण्याआधीच त्या पुढे म्हणाल्या, “राहू द्या. विचार करून, मोजून-मापून उत्तर द्याल. मला मोजलेलं उत्तर नको. मी किल्लीनं फाटक उघडत असताना मला विचारतात, ‘कुणाला शोधताय?’ किल्ली माझ्या हातात असते, टीचर! तुम्हाला कधी विचारलंय?”

मला कधीच विचारले नव्हते.

मी समितीच्या अध्यक्षांना गाठले. हे सत्तरी ओलांडलेले गोरे गृहस्थ. अलॉटमेंटच्या कुंपणापासून पाण्याच्या पाइपांपर्यंत सगळे स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणारे. मला त्यांच्याविषयी आदर होता, हेही इथे नोंदवले पाहिजे. मी एक पान माझ्या वाफ्यातले आणि एक शेजारीणबाईंच्या वाफ्यातले खुडून त्यांच्या हातावर ठेवले.

“यातलं तण कोणतं ते सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर सरकवून पाने पाहिली आणि ती मला परत दिली. “डिअर, तुम्ही आता मला वर्गात उभं करताय. तुमचं वेगळं आहे. तुमचं ओळीत आहे.”

ते खरे होते. आपल्याकडे माठाचे बी वाफ्यात फोकतात, म्हणजे मुठीने विखरून टाकतात. मला मात्र शाळेच्या प्रयोगवहीची सवय, म्हणून मी दोरी धरून ओळी पाडल्या होत्या. शेजारीणबाईंनी आपल्या आईच्या पद्धतीने बी फोकले होते. हे मी अध्यक्षांना सांगितले.

“तिनं मला हे सांगितलं नाही,” ते म्हणाले. “तिनं मला रेसिस्ट म्हटलं. इथे, या दारात, सगळ्यांसमोर. मी चाळीस वर्षं इथली कुंपणं बांधतोय. एका शब्दात सगळं पुसलं गेलं. बरं, नाही म्हणावं, तर नाही म्हणणं हाच पुरावा! यंदा नोटिशी बहुतेक आमच्याच लोकांना गेल्यात. ते बागेत येऊन साफ करतात. ही येऊन ओरडते.”

“तिनं आधी सांगितलं असेल. मे महिन्यात, बी टाकलं तेव्हा.”

“काहीतरी म्हणाली होती, आमच्या घरची भाजी वगैरे. सगळे तसंच म्हणतात.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “असं करा, तुम्हीच तिच्याशी बोला. तुमच्याकडून ती ऐकून घेईल. आणि तुम्ही बोललात तर कुणाला काही म्हणता येणार नाही.”

माझा रंग त्यांना आता उपयोगी पडणार होता. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच ही सगळ्यांच्या सोयीची वाट वाटत होती, आणि म्हणूनच मला तिचा अधिक राग आला. “निरोप पोचवायला मी शिपाई नाही,” असे सांगून मी निघाले. त्यानंतर त्यांनी मला हात करणे सोडले.

घरी वेगळे काही ऐकायला मिळेल, अशी माझी समजूत होती. माझे यजमान इथल्या इस्पितळांत भूल देणारे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पेपर खाली न ठेवताच विचारले, “अगं, तू कशाला मध्ये पडतेस?”

“मध्ये मी आहेच. माझा प्लॉट तिच्या शेजारी आहे.”

“गोऱ्यांचं आणि काळ्यांचं ते जुनं भांडण. आपण आलो, काम केलं, टॅक्स भरला. आपल्याला कुणी खुंटी ठोकली का?”

“अहो, मी तेच विचारतेय. का नाही ठोकली?”

“कारण आपण नीटनेटके राहतो.”

“ती राहत नाही? रोज युनिफॉर्मला इस्त्री करावी तशी गाडी चकचकीत करून उभी असते!”

“त्या लोकांचा आवाज मोठा असतो,” ते म्हणाले. “हॅरोच्या आपल्या मराठी मंडळात कुणालाही विचार.”

“मंडळाला कशाला विचारू? ‘दुसरा डॉक्टर नाही का?’ असं तुम्हाला विचारणारे पेशंट आठवतात ना?”

आता पेपर खाली आला. “आठवतात. सगळे आठवतात. म्हणूनच सांगतोय, गप्प बस. गप्प बसलो म्हणून टिकलो आपण.”

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी जेवणापुरतेच बोललो.

मुदत संपायला दोन आठवडे असताना समितीची बैठक भरली. लाकडी शेडमध्ये पाच-सहा जण, सगळे गोरे, हातात चहाचे मग. शेजारीणबाई दाराजवळच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी दोन्ही वाफ्यांतले एकेक रोपटे मुळांसकट उपटून नेले होते. ती मी वर्तमानपत्रावर ठेवली आणि क्रमाने सांगितले: पान, देठ, फुलोरा, मूळ. शेवटी म्हणाले, “दोन्ही तण असतील तर मलाही नोटीस द्या. दोन्ही भाज्या असतील तर त्यांची मागे घ्या. तिसरा पर्याय मला दिसत नाही.”

समितीतल्या एक बाई अगदी कळवळून म्हणाल्या, “अहो, पण तुमची बाग आम्हा सगळ्यांना किती आवडते!”

“मी बागेच्या कौतुकाला आले नाही.”

“टीचरनी खात्री दिली आहे,” अध्यक्ष कागदावर लिहीत म्हणाले, “तेव्हा नोटीस मागे घ्यायला माझी हरकत नाही.”

“टीचरनी?” शेजारीणबाई उठल्या. “मी मेमध्ये काय सांगितलं होतं? मी इथेच बसलेय. माझ्याकडे बघून बोला ना!”

“हे बघा, आवाज—”

“माझा आवाज हाच आहे. मी चौथ्या गिअरमध्ये जन्मले.”

अध्यक्ष कागदाकडेच पाहत म्हणाले, “एक अट आहे. यापुढे लागवड ओळीत हवी. म्हणजे पाहणीच्या वेळी गैरसमज होणार नाही.”

“मी ओळीत लावणार नाही.”

“का?”

“कारण ते तसं लावत नाहीत. तुम्ही बटाटे फोकता का? मग मी कॅललू ओळीत का लावू? चूक तुम्ही केलीत आणि पद्धत मी बदलायची?”

“मग नोटीस कायम,” अध्यक्ष म्हणाले. बोलताना त्यांनी कागद छातीशी धरला होता. दोन माणसे एकमेकांना इतकी घाबरतात आणि दोघांनाही समोरचाच ताकदवान वाटतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले.

बाहेर पडल्यावर मी शेजारीणबाईंना म्हणाले, “मला वाईट वाटतं.”

“तुम्ही चांगलं शिकवलंत,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या भाजीबद्दल. माझ्यासमोर. मला न विचारता.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर गेले, माझा ओळीतला माठ सगळा उपटला, माती भुसभुशीत केली आणि राहिलेले बी मुठीने फोकले. ऑगस्टच्या उबेत माठ झपाट्याने उगवतो. मुदतीच्या दिवसापर्यंत माझा वाफा शेजारच्यासारखाच हिरवा, दाट आणि बेशिस्त दिसू लागला होता, फक्त उंचीने कमी.

त्या दिवशी अध्यक्ष हातोडी घेऊन आले. प्लॉट काढून घेतल्याची पाटी त्यांच्या काखेत होती. शेजारीणबाई आपल्या वाफ्यात उभ्या, मी माझ्या. त्यांची आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

“हे तुम्ही मुद्दाम केलंत,” अध्यक्ष मला म्हणाले.

“हो. आता मलाही पाटी लावा.”

“तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही तसल्या नव्हता.”

“तसल्या म्हणजे कसल्या?” शेजारीणबाईंनी विचारले.

अध्यक्षांनी माझ्या वाफ्याकडे पाहिले, शेजारीणबाईंच्या वाफ्याकडे पाहिले. माझ्याकडे पाटी ठोकायला त्यांचे मन होईना, आणि माझ्याकडे न ठोकता तिकडे ठोकणे आता शक्य नव्हते. त्यांनी खुंटी उपटली, काखेत मारली आणि “तुम्ही दोघींनी मिळून मला खोटं पाडलंत” म्हणत शेडकडे गेले. प्लॉट वाचला.

आईने शेंग सोलता सोलता विचारले, “गेला का तो?”

“गेला, ममा.”

मी कुंपणाच्या तारेपलीकडून हसले. शेजारीणबाई हसल्या नाहीत. “माझ्याकडून थँक्यूची वाट बघू नका, टीचर. तुमच्या वाफ्याकडे बघून त्यांनी माझा सोडला. उद्या तुम्ही घर विकून केंब्रिजला मुलीकडे गेलात, तर?”

म्हणून सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव मांडला: फोकून केलेली लागवडही लागवड मानली जावी, आणि हे नियमांत लिहिले जावे. मी अनुमोदन दिले. एक जण म्हणाला, “प्रत्येकाच्या देशासाठी वेगळा नियम करायचा का?” शेजारीणबाई म्हणाल्या, “माझा देश हाच आहे. विल्सडन, बसनं तासाभरावर.” ठराव पडला. हात वर न करणाऱ्यांत आमच्या मंडळातली, इथेच प्लॉट असलेली दोन जोडपी होती. बाहेर पडताना त्यांतल्या एक वहिनी मला हळूच म्हणाल्या, “उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा, हो ना?” मी त्यांना विचारले, की तुमच्याकडे माठ कसा लावता. “फोकून,” त्या म्हणाल्या आणि घाईने गाडीकडे वळल्या.

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा पाहणी झाली. अध्यक्ष तेच आहेत, कारण कुंपणे दुरुस्त करायला दुसरे कुणी तयार नाही. आमच्या दोघींच्याही वाफ्यांत माठ फोकलेलाच होता. ते हातात पॅड घेऊन प्रत्येक प्लॉटसमोर थांबत आले. कुणाच्या टोमॅटोंना दाद दिली, कुणाच्या कांद्यांना. शेजारीणबाईंच्या प्लॉटपाशी आल्यावर त्यांनी पावले भरभर उचलली आणि मान वळवून, कशाकडेही न पाहता, ते पुढे गेले. तिथे घेवड्याला उत्तम फुलोरा होता. त्याकडेही त्यांनी पाहिले नाही.

“बघितलंत?” शेजारीणबाई म्हणाल्या. “आता बघतच नाहीत.”

“म्हणजे आता त्रास देणार नाहीत,” मी म्हणाले.

“तुम्हाला असं कुणी न बघता पुढे गेलेलं चालेल?”

मी विचार करू लागले. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. आईच्या खुर्चीवर ऊन आले होते, ती सावलीत सरकवायला त्या गेल्या.