टेम्पोतल्या बाई

मी उत्तरेत शिकायला गेले तेव्हा विकास नगरहून शेअर टेम्पोत रोज एक जाडशा बाई माझ्या शेजारी बसत. मला हिंदीत ‘रोकिए’ म्हणायचीही लाज वाटे, म्हणून माझ्या इन्स्टिट्यूटचं गेट आलं की माझ्यासाठी त्याच ओरडत.

माझ्या पहिल्या सेमिनारच्या सकाळी त्यांनी विषय विचारला. मी पुटपुटले: खारट पाण्यातला जिवाणू अचानक साध्या पाण्यात पडला की पाणी आत शिरून तो फुगतो, त्याचं आवरण ताणलं की त्यातली प्रथिनांची दारं उघडतात, आतले क्षार बाहेर पडतात आणि तो फुटायचा वाचतो.

‘अच्छा! मतलब कीड़ा भी वक़्त पर मुँह खोल लेता है, बिटिया,’ म्हणत त्यांनी पान तोंडात कोंबलं आणि गेट दिसलं तरी ढिम्म बसून राहिल्या.

माझ्या घशात ‘एक्सक्यूज मी’पासून ‘ज़रा रोकिएगा’पर्यंत सगळं दाटलं. बाहेर फुटलं ते मराठीत: ‘अहो, थांबा!’

टेम्पो करकचून थांबला. दोन माणसं घाबरून माझ्याआधीच उतरली.