आईंच्या गाडीतले माझे सात हजार

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सात हजार एकशे सत्त्याण्णव रुपये. हजर आम्ही तिघं: ओतूरहून खोकं घेऊन आलेला कुरिअरवाला, ओट्यावर उन्हाला बसलेल्या माझ्या सासूबाई आणि मी.

खोकं जर्मनीहून आलं होतं. माझे धाकटे दीर आणि जाऊबाई तिकडे सहा वर्षांपासून आहेत. सासूबाईंचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून धाकटी फोनवर म्हणत होती की इकडे म्हाताऱ्या माणसांसाठी धरून चालायची चार चाकांची गाडी मिळते, हाताला ब्रेक असतो, दमलं की तिच्यावरच बसता येतं, आईंना एक पाठवते. मी म्हणत होते, कशाला, ओतूरला चौदाशे पन्नासला वॉकर घेतलाय, तो चांगला आहे. तिने पाठवलीच.

खोक्यावर नाव सासूबाईंचं होतं. त्यामुळे आठवडाभर आधी त्यांचं आधारकार्ड मागणारा मेसेज आला, मग ओटीपी आला, मग बिल आलं. कस्टमचे सहा हजार तीनशे बारा. वर कुरिअर कंपनीची हाताळणी सातशे पन्नास आणि त्या हाताळणीवर जीएसटी एकशे पस्तीस. बचत गटाचा हिशेब गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे मी बिल तीनदा वाचलं. गाडीच्या किमतीवर कर समजू शकते. पण गाडी पाठवायला जे भाडं लागलं ते किमतीत मिळवून त्यावरही कर होता. आणि आपल्या वतीने आधी कर भरला म्हणून कंपनीने आपल्याकडून वेगळे पैसे घ्यायचे. भेट म्हणून आलेल्या वस्तूचे.

कुरिअरवाल्याने फोन पुढे केला, मी माझ्या फोनने स्कॅन करून पैसे भरले. ते पैसे दुधाचे होते. शेगडीचा एक बर्नर दिवाळीआधीच बंद पडला होता, नवी शेगडी घ्यायची म्हणून बाजूला ठेवले होते.

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "फोटू काढला व्हय गं? धाकलीला धाड बरं. तिला बी कळू दे पोचली म्हणून."

मी खोकं उचलून आत नेलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं माझे यजमान नंतर बऱ्याचदा म्हणाले. पण त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर धाकटीने सरळ विचारलं, "ताई, तिकडे काही भरावं लागलं का हो?" आणि यजमान शेजारी बसलेले असताना मी म्हटलं, "छे गं. किरकोळ." सात हजारांनी आमचं अडतं असं तिला वाटायला नको होतं. तिला काय, तिकडे सात हजार म्हणजे एका रविवारचं बाहेरचं जेवण.

गाडी मात्र खरंच चांगली होती. लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे. निळ्या रंगाची, हलकी, पुढे पिशवी ठेवायला जाळी. तिसऱ्या दिवशी सासूबाई एकट्या न्हाणीपर्यंत जाऊन आल्या. ऑपरेशननंतर चार महिने मी त्यांना धरून नेत होते. रात्री दोनदा त्यांची हाक यायची आणि मी कुरकुरत उठायची. आता हाक येईनाशी झाली. मला झोप लागायला हवी होती. मी जागी राहून चाकांचा आवाज ऐकायची. माझा वॉकर मोरीच्या दारात उभा होता, त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

पंचवीस हजारांचा आकडा शेजारच्या गुरुजींमुळे गावात गेला. ते निवृत्त शिक्षक, गाडी बघायला आले, खोक्यावर चिकटवलेला कागद चष्मा लावून वाचला. किंमत आणि भाडं मिळून अठरा हजार चारशे पन्नास, कर आणि हाताळणी सात हजार एकशे सत्त्याण्णव. बेरीज करून म्हणाले, "आजी, पंचवीस हजार सहाशे सत्तेचाळीसला पडली बरं का गाडी."

सासूबाईंनी दोन्ही हात कानाला लावले. "पंचवीस हजार! माझ्यापायी एवढं घातलं पोरीनं."

तिथून पुढे आमच्या डिंगोरे गावात त्यांना जो कोणी भेटला त्याला हा आकडा ऐकावा लागला. देवळाच्या पायरीशी त्या ब्रेक दाबून गाडी थांबवायच्या, वळून तिच्यावर बसायच्या आणि बायका जमायच्या.

"आजी, लई झ्याक गाडी हाय. कुणी दिली?"

"धाकल्या सुनंनं. जर्मनीवरनं. पंचवीस हजार घातलं तिनं."

"नशीब काढलंत बाई तुमी."

"मग! बसून बघ की. बस, मोडत न्हाई."

आणि मी तिथेच, त्यांचा दंड धरून उभी. एक बाई मला म्हणाली, "तुमचं काम हलकं झालं वहिनी." मी हसले. डोक्यात एकच चालू होतं की त्या पंचवीसमधले सात माझे आहेत. माझेच पैसे गावभर धाकटीचं नाव सांगत फिरत होते. अठरा म्हणाल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं असं मला वाटायचं. खरं म्हणजे तेव्हाही लागलंच असतं, पण निदान हिशेब बरोबर असता.

यजमान म्हणायचे, "सांगून टाक की आईला."

"आता सांगितलं तर म्हणतील, जळते."

"मग जळत ऱ्हा," असं म्हणून ते कांद्याला पाणी द्यायला गेले.

डिसेंबरच्या शेवटी देवळाच्या उतारावर उजव्या ब्रेकची तार तुटली. सासूबाई पडल्या नाहीत, मी धरलेलं होतं. ओतूरच्या सायकलवाल्याला मी गाडीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, आणा, सायकलची तार बसते, साठ रुपये. मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"त्या गाडीला हितली तार? न्हाई बाई. तिची तारच पायजे."

"आई, तार ती तारच असते."

"तुला काय कळतंय त्यातलं. पंचवीस हजाराची वस्तू हाय ती."

धाकटीने तार पाठवली. नऊ युरोची. मी फोनवर तिला एवढंच म्हटलं की साध्या टपालाने पाठव. तिने लवकर पोचावी म्हणून कुरिअरनेच पाठवली.

ती आली त्या दिवशी मी घरी नव्हते. अवसरीला माझ्या भाच्याचं लग्न होतं, मी आदल्या दिवशीच माहेरी गेले होते. यजमान शेतात. ओट्यावर एकट्या सासूबाई. संध्याकाळी मी परत आले तर त्या दारातच गाडीवर बसलेल्या, डाव्या बाजूचा ब्रेक दाबून. माझ्या हातात लग्नाच्या जेवणातल्या बुंदीची पिशवी होती, ती घ्यायलासुद्धा त्यांनी हात पुढे केला नाही.

"त्या टायमाला तू फोटू काढत न्हवतीस," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. कुरिअरवाल्याने पाकीट देण्याआधी एक हजार नऊशे त्रेचाळीस रुपये मागितले. त्या म्हणाल्या, पोरीनं सगळं भरलंय, कसले पैसे? तो म्हणाला, आजी, तिकडचं तिकडे, हे इकडचं. प्रत्येक वेळी लागतं. मागच्या गाडीला तर सात हजार लागले होते, वहिनींनी भरले की तुमच्यासमोर. सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून चार पाचशेच्या नोटा काढून दिल्या आणि सत्तावन्न रुपये मोजून परत घेतले.

"दोन म्हैनं माझ्या तोंडानं तिचं गुणगान ऐकत बसलीस. मला येडी केलीस तू."

"तुम्हाला आनंद झाला होता म्हणून..."

"आनंद! तुझं तोंड मला दिसत न्हवतं व्हय? मला वाटायचं हिला गाडीचाच राग हाय."

मी बुंदीची पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

त्यांनी तेव्हाच यजमानांना जर्मनीला फोन लावायला लावला. धाकटी स्वयंपाकघरात होती, तिच्या मागे तिची चार बर्नरची शेगडी दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हितं लई पैसं घेत्यात. थोरलीनं सात हजार भरलं आन बोलली न्हाई."

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, मी विचारलं होतं ना तुम्हाला? किती झाले नक्की?"

इथे मी म्हणू शकले असते की राहू दे. पण तोंडून निघालं, "सात हजार एकशे सत्त्याण्णव."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होतो न होतो तोच फोन वाजला. धाकटीच्या इथल्या बँकेतून सात हजार एकशे सत्त्याण्णव माझ्या खात्यात जमा. एक रुपया कमी नाही, जास्त नाही. यजमान म्हणाले, "चला, शेगडी आली." मलाही तसंच वाटलं. ओतूरला जाऊन कुठली घ्यायची, दोन बर्नरची की तीन, हेही मी मनात ठरवलं.

तेवढ्यात गुरुजी पेपर मागायला आले. सासूबाई ओट्यावरून त्यांना म्हणाल्या, "गुरुजी, गाडीवरचं सात हजार बी धाडलं बरं का धाकलीनं. रातीत धाडलं. मन लई मोठं पोरीचं."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे पंचवीस हजार सहाशे सत्तेचाळीस बरोबरच होते."

बरोबरच होते. दोन महिने तो आकडा खोटा होता आणि मला तो खोटा आहे याचाच काय तो आधार होता. आता मी पैसे घेतले की तो खरा झाला. गाडी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत धाकटीची. त्या उतारावर तार तुटली तेव्हा आईंना मी धरलं होतं, ते कुठल्याच बिलात येत नाही. सात हजार तेवढे आले होते.

मी आत गेले, फोन घेतला, आणि पैसे तिच्या त्याच खात्यात परत पाठवले. खाली लिहायच्या जागी लिहिलं, "आईंच्या गाडीतले हे माझे." मग ओट्यावर येऊन गुरुजींच्या देखत सांगितलं, "आई, पैसे मी परत केले."

त्यांनी विचारलं, "आन ती शेगडी?"

"एका बर्नरवर होतंय."

त्या पुटपुटत बोटांची पेरं मोजू लागल्या. "मंग तिचं अठराच ऱ्हायलं."

"अठरा हजार चारशे पन्नास," मी म्हटलं.

गुरुजींनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

तारेचे एक हजार नऊशे त्रेचाळीस सासूबाईंनी कोणाकडूनच घेतले नाहीत, धाकटीकडूनही नाही आणि माझ्याकडूनही नाही. तार पाकिटातून काढली तर ती सायकलवाल्यालाच बसवावी लागली, त्याने साठ रुपये घेतले, ते मी दिले. आणि त्या सकाळी नऊ वाजून गेल्यावर सात हजार एकशे सत्त्याण्णव रुपये माझ्या खात्यातून जर्मनीतल्या माझ्या धाकट्या जावेला गेले.